फरक

“गाठीत फरक पडलाय,” डॉक्टर म्हणाले आणि आईने तिथेच पर्समधून फोन काढून तासगावच्या मावशीला लावला. “इंदे, फरक पडलाय गं!”

डॉक्टर मूळचे केरळचे, मराठी इथे येऊन शिकलेले. ते आईकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळू आवाजात मला समजावलं. आईच्या कॅन्सरच्या गाठीच्या जनुकांमध्ये बदल झाला होता. ज्या खुणेवरून अँटीबॉडीचं इंजेक्शन गाठ शोधून काढायचं, ती खूणच नव्या तपासणीत सापडत नव्हती. म्हणून ते इंजेक्शन आता बंद.

“मग फरक कसला पडलाय?” माझा आवाज चढला. आई फोनवर बोलायची थांबली.

“बदल म्हणजेच फरक ना?” डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. एका नव्या अँटीबॉडीवर संशोधन चालू होतं आणि त्यात गाठीत असा बदल झालेलेच पेशंट घेत होते. गुण येईलच, असं मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आईने फोन माझ्या हातात दिला आणि सहीसाठी पेन घेतलं. “तूच सांग तिला. हसावं की रडावं, मला कळेना झालंय.”

“काय रे, खरंच फरक पडलाय ना?” मावशी विचारत होती.

“गाठीत पडलाय, मावशी,” मी म्हणालो. “आईला पडायचाय अजून.”