किरकोळ डॅमेज

"पोरीला घेऊन निघून गेली ती गेली, वर लोकांच्या दाराला भोकं पाडून गेली महामाया!" मुलाची भाड्याची जागा रिकामी होत होती आणि सुनेच्या नावाने सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. मुलगा खाली मान घालून खोकी बांधत होता. एजंट खोल्या तपासून कागदावर लिहीत होता.

"बेडरूमचं दार, डॅमेज."

"म्हणजे काय रे बाबा?"

"नुकसान, आजी. पण किरकोळ आहे. तीन जादा कड्या काढल्या की पुट्टीने भोकं बुजतील."

सुनेचा प्रताप डोळ्यांनी बघावा म्हणून त्या आत गेल्या आणि दार लोटलं. तिन्ही कड्या आतल्या बाजूला होत्या. दोन वर, आणि तिसरी पार खाली, चार वर्षांच्या नातीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

त्या बाहेर आल्या आणि खोकी बांधणाऱ्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.


"घरात माणसं तीन. दोघी कड्या लावून आत बसायच्या. म्हणजे दारावर लाथा घालणारा तिसरा तूच की रे, माझ्या पोटचा!"