दाताचा वारस

"दुखतंय ना?" त्याने डोळे उघडताच बायकोने विचारलं.

"दुखतंय," तो म्हणाला.

"हुश्श!" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दुखत होता तो वरचा, अगदी पुढचा दात. क्लॅरिनेटचं तोंड नेमकं याच दातावर टेकतं. दात गेला की ओठांची पकड सुटते, फुंक बाजूने निसटते आणि सूर घसरतो. बँडमास्तरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "दात वाचव. नाहीतर क्लॅरिनेटवर भाच्याला बसवतो." भाचा मास्तरचाच. तो झांजा वाजवायचा, पण हल्ली त्याचं सगळं लक्ष क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडाकडे असायचं.

पैसे भरण्याचे मार्ग दंतवैद्याने समजावून सांगितले. रोख भरले तर दात नक्की वाचणार होता, पण त्यासाठी क्लॅरिनेट विकावी लागली असती. हप्त्यांनी भरले तर उपचारही हप्त्यांनीच व्हायचे. पहिल्या हप्त्याला दाताला भोक पाडायचं आणि शेवटचा हप्ता जमा झाला की ते बुजवायचं. मधला काळ भोकाची काळजी ज्याची त्याने घ्यायची. राहिला विमा. तो सगळ्यांत स्वस्त होता. अट एवढीच, की दाताचा हयातीचा दाखला हवा. मेलेल्या दातावर कंपनी खर्च करत नसे. शुक्रवारी कंपनीच्या बाई दाताला बर्फ लावणार होत्या. माणूस कळवळला तर दात हयात.

नवरा-बायकोने सगळा विचार करून विमा घेतला आणि त्या दिवसापासून घरात दुखणं जपायला सुरुवात झाली. गोळ्या बायकोने शेजारणीकडे ठेवायला दिल्या. उठल्याबरोबर गार पाण्याची चूळ, जेवणानंतर साखर, झोपताना पुन्हा गार पाणी. तो कण्हला की ती कौतुकाने बघायची. एकदा त्याचा चुलतभाऊ दाताला लावायला लवंगेचं तेल घेऊन आला, तर तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"भावजी, आमचं घर बुडवायला निघालात का?"

शुक्रवार उजाडला.

"दुखतंय ना?"

त्याने दातावरून जीभ फिरवली. नखाने टकटक केली. गार पाणी तोंडात धरून ठेवलं.

"नाही."

"नाही कसं? नीट बघा. काल रात्री तर छान दुखत होतं!"

"अगं, आहे तेच सांगतोय. काहीच वाटत नाही."

ती मटकन खाली बसली.

विम्याच्या कचेरीत बाईंनी दाताला बर्फ लावला. बर्फ वितळून त्याच्या हनुवटीवर ओघळला, पण तो हलला नाही. बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि आवाज हळू केला.

"केव्हा गेला?"

"पहाटे. झोपेतच."

"जवळ कोणी होतं?"

"दोन्ही बाजूंना एकेक दात होता. सुळा जरा लांब होता."

बाईंनी तशी नोंद केली. मग म्हणाल्या, "गेलेल्या दातासाठी आता कंपनीला काही करता येणार नाही. पण तुमचा विमा फुकट जात नाही. तो वारसाला मिळतो."

"दाताला वारस?"

"त्याच घरातला कुठलाही दात चालतो. फक्त तो आजारी हवा आणि हयात हवा."

त्याने आशेने एकेक दात ठोकून पाहिला. सगळे ठणठणीत निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चांगल्या दातांची लाज वाटली.

"घरात आणखी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही दोघंच. पण हिच्या दातांची कधी काही तक्रार नसते."

बायको इतका वेळ भिंतीकडे बघत होती. ती उठली, त्याला खुर्चीतून उठवलं, स्वतः बसली आणि तोंड उघडलं.

"खालची दाढ," तिने बोटाने दाखवलं. "सगळ्यात मागची."

बाईंनी बर्फ लावला. तिच्या मुठी आवळल्या आणि घशातून एक बारीक, लांब सूर निघाला. कचेरीतले टंकलेखक हात थांबवून बघू लागले.

"हयात आहे," बाईंनी शिक्का मारला. "इथे सही करा. या दाढेचा पूर्ण इलाज आम्ही करू. ह्यांच्या दाताचं मात्र तुम्ही रोखीने बघा."

"म्हणजे? ह्यांच्या दातासाठी नाही मिळणार?" ती ताडकन उठली. "मग नकोच! मला वाटलं, पैसे हातात येतील. बाई, अहो, ह्यांची जागा जाईल. तो भाचा टपूनच बसलाय. माझ्या दाढेचं काय एवढं, मला कुठे काय वाजवायचंय?"

त्याने पेन उचललं आणि सही केली.

"अहो, तो भाचा!"

"वाजवू दे त्याला," तो म्हणाला.

बर्फ लागताच तिच्या घशातून निघालेला तो सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. गेलं वर्षभर ती ओट्याशी उभी राहून रोज सकाळी तोच गुणगुणायची, आणि बायको खुशीत गातेय असं समजून बाहेरच्या खोलीत तो आपली क्लॅरिनेट त्या सुराला जुळवून घ्यायचा.