मामाच्या वळणावर

“आता सगळ्याच गरोदर बायकांची ही टेस्ट करतो, रूटीन आहे,” म्हणत नर्सने माझं रक्त घेतलं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘घरात कुणाला डाऊन सिंड्रोम?’ मी लिहिलं, ‘सख्खा भाऊ’. तेव्हापासून दहा दिवस फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचे.

दादा छत्तीस वर्षांचा आहे. शेजारच्या काकू त्याला सहज म्हणाल्या होत्या, “बाळ मामाच्या वळणावर जाणार बघ!” तो जाम खूश झाला. मी काकूंशी बोलणंच टाकलं.

आज आईकडे मेथी निवडत बसले असताना रिपोर्ट आला. बाळाला धोका अगदी कमी. हातातली जुडी टाकून मी आईच्या गळ्यात पडले. “नाहीये गं आई, बाळाला तसलं काही नाहीये!”

आई माझ्या मागे बघत होती.

दारात दादा उभा होता. “बाळ माझ्यासारखं नाही?”

“नाही रे, दादा.” मला रडू फुटलं.

त्याचा चेहरा पडला. मग जवळ येऊन त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“असू दे, रडू नको. आपण तरीपण त्याचे लाड करू.”