गंगीच्या नावाची बाटली

डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून खिडकीच्या उजेडात धरली. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "लघवीत काही दोष नाही."

येसूबाईनं मांडीवरच्या पोरीला, गंगीला, जवळ ओढलं. स्वच्छ असणारच की! बाटलीवर नाव गंगीचं होतं, पण आत होती ती येसूबाईची स्वतःची लघवी.

आठ दिवस पोर तापानं फणफणत होती. सर्दी नाही, खोकला नाही, खाल्लेलं मात्र उलटून पडायचं. लघवीला बसली की कळवळायची. काल बाईंनी तपासणीसाठी बाटली दिली होती. सकाळी गंगीनं ती भरली, तर निघालं ते गढूळ, नकोशा वासाचं. येसूबाईनं ते गोठ्यामागं ओतलं, बाटली विसळली आणि आपलंच भरलं. पोरीच्या जातीचं असलं काही चारचौघांत कशाला, असं ती कुरवंड्यापासून लोणावळ्यापर्यंत स्वतःला समजावत आली. मेलं पटेल तर शपथ.

बाईंनी गंगीच्या पाठीकडे हात नेला. तशी तिनं झटकन कोपर वर करून तोंड झाकलं.

"अगं, सुई नाही टोचत," बाई हसल्या. बरगडीखाली जरासं दाबलं, तर पोर केवढ्यानं ओरडली.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "पाच वर्षांची आहे ना? अंथरूण ओलं करते का?"

"न्हाई जी," येसूबाई म्हणाली. गंगीनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मला लघवीचाच संशय होता. तिथं दोष असता तर औषध आजच सुरू केलं असतं. लहान मुलांत ते दुर्लक्षून चालत नाही, किडनी खराब होते. पण तपासणी चांगली आली, तर आता हिवतापच धरू." बाईंनी गोळ्यांची पुडी पुढं केली. "आठ दिवसांनी दाखवा."

पुडी घेऊन येसूबाई पायरीपर्यंत गेली. कडेवरची पोर नुसती भाजत होती. चुकीच्या गोळ्या, वर आठ दिवस! ती माघारी वळली आणि टेबलापाशी येऊन मटकन खाली बसली.

"बाई, त्या बाटलीत माजं हाय. पोरीचं मी वतून दिलं. लय गढूळ हुतं. अन् अंथरूण रोज वलं करती ती, दोन म्हयनं झालं."

बाईंनी गोळ्यांची पुडी काढून घेतली. "अहो, जिवाशी खेळ आहे हा! कशासाठी केलंत असं?"

येसूबाईनं पदर तोंडात कोंबला. तरी हुंदका फुटलाच.

"तिला दुखनं निघालं असतं, तर दोन म्हयनं मी रोज सकाळी मारलं, ते कशापायी?"