न पुसलेली जागा

"पुरावा दाखव," ओताकर म्हणाले आणि ब्लांकाने कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती त्यांनी पुन्हा परत पाठवली.

ब्लांकाने खुर्ची त्यांच्या टेबलाशी ओढली. ब्रनो शहरातल्या त्या ऑफिसात कर्नलचे, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीचे, बफर, म्हणजे कामापुरती उसनी दिली जाणारी मेमरी, ओताकरच सांभाळत. आज त्यांचा शेवटचा दिवस. त्यांच्या जागी मिलोश येणार, असं सगळे धरून चालले होते. ब्लांकाला ते काम जीव तोडून हवं होतं.

"एका प्रोग्रामचं काम झालं की बफर न पुसताच दुसऱ्याला जातो," ती म्हणाली. "चादर न बदलता हॉटेलची खोली देण्यासारखं आहे हे."

"मी राहिलोय तसल्या हॉटेलांत. झोप छान लागते."

"चेष्टा नको, ओताकर."

"अगं, दर वेळी पुसत बसलं तर यंत्र रांगायला लागेल. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या हाती खरंच पडतो, हे दाखव. मग बोलू."

"मिलोशकडे कधी पुरावा मागत नाही तुम्ही."

"तो माझ्याशी भांडत नाही." ओताकर तिच्याकडे न बघताच म्हणाले. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. "चार वाजता सगळ्यांना बोलावलंय. तूही ये."

"मिलोशसाठी टाळ्या वाजवायला?"

"हात धुऊन ये म्हणजे झालं."

ती तणतणत जागेवर परतली. नवा कर्नल आधी आपल्याच यंत्रावर चालवायचा, हा तिथला शिरस्ता. सगळ्या ऑफिसचं काम त्या एकाच यंत्रावर चाले. ओताकर पत्रंसुद्धा तिथूनच लिहीत. आत्ताही ते पलीकडे खटाखट काहीतरी लिहीत होते.

ब्लांकाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. बफर मागायचा, त्यात काही भरायचं नाही, आधीचं काय उरलंय ते छापायचं.

नुसती शून्यं आली. पुन्हा चालवला. तुटके आकडे. पुन्हा. पुन्हा शून्यं. तिने ओठ चावला आणि मागणीचा आकार वाढवला.

या वेळी अक्षरं आली. सलग, वाचता येणारी, कुणा दुसऱ्याचीच.

ओताकर कॉफीचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर होता.

"काय निघालं? कचराच ना?"

ब्लांकाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मधाचा केक, मोठ्यातला मोठा. चारच्या आत पोचवा. वर लिहा: बफरांची नवी मालकीण, ब्लांका. तिला आधी कळता कामा नये."