तळ्यावरची मोजणी

"काकू गेल्या, काका. आता कशाला डोकं पुसून घेताय?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं.

अणुभट्टीच्या तळ्यावर पक्षी मोजायला आत सोडत, पण बाहेर पडताना फाटकावरचं यंत्र आत पाहिलेलं सगळं डोक्यातून पुसून टाकी. उरे ती फक्त तपासलेली वही.

म्हणूनच पत्नी इंदूसोबतची तिथली शेवटची सकाळ दिगंबररावांना आठवत नव्हती. वहीत मात्र तिच्या अक्षरात होतं: 'चक्रवाक, जोडी. नर टकला, चहा सांडतो.'

"हा पक्षी मीच पास केला होता," पहारेकरी त्यांच्या टकलाकडे पाहून हसला.

"आजही करशील. तिची मोजणी मोडू द्यायची नाही," म्हणत ते आत शिरले.

दुपारी बाहेर आल्यावर त्यांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात होतं: 'चक्रवाक, नर, एक. चहा दोन कप ओतला. पुढच्या हिवाळ्यातही येणार.'