चार सेकंद

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा 'मी' म्हणता म्हणता स्वतःचीच वकिली करायला लागलो. म्हणून स्वतःला 'तो' म्हणतो.

"ऊठ आणि चालता हो," तो काड्याला म्हणाला. "खोली माझ्या मामाची आहे."

काड्या म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. झेरॉक्सच्या दुकानामागच्या त्या खोलीत दोघं वर्षभर मोबाइलची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. शिकवायला कोणी नाही, चुकत चुकत शिकलेले. ती चालवायची एमुलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उघडणाऱ्या खोट्या फोनमध्ये. मामा येता-जाता म्हणायचा, "घोडा नाही घरात आणि दोघं नाल ठोकतायत."

दिसणारं सगळं त्याने केलं होतं. अक्षरं, बटणं, रंग. फोन सुरू करणारा भाग काड्याचा. आणि फोन सुरू व्हायला सहा मिनिटं लागायची.

"सहा मिनिटांत माणूस अंघोळ करून येतो!"

"सुरू तरी होतो ना? तू लिहून दाखव."

"लिहितोच. तुझी एक ओळ ठेवणार नाही."

काड्याने चार्जर गुंडाळला, दार आपटलं आणि गेला. मंगळवार होता.

एकोणीस दिवस तो एकटा बसला. काड्याचा भाग खरवडून काढला, स्वतःचा लिहिला. बटणाबिटणांना हात लावला नाही. रविवारी सकाळी नवी सिस्टीम एमुलेटरवर चढवली आणि चालू केली. चार सेकंदांत फोन उघडला. चार! तो खोलीत नाचला. पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा चार. वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं चुकीचं होतं, पण घड्याळाचं काय, नंतर बघू. काड्याला मेसेज टाकला, 'चार सेकंद. बस बोंबलत.'

शुक्रवारी एका मोबाइल कंपनीने नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं. दोघांनाही, कारण भांडणाआधी अर्ज दोघांच्या नावाने गेला होता. जागा एकच. काड्या आला, लांबच्या खुर्चीवर बसला, ओळख दाखवली नाही.

इकडे त्याने लॅपटॉप उघडला. चार सेकंद. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी फोन लावून बघितला, मेसेज लिहून बघितला, बटणं दाबदाबून बघितली.

"छान पळतंय. दोघांनी केलंय?"

"नाही मॅडम. हा आधी होता, जमलं नाही त्याला. त्याची एक ओळ नाही यात."

मॅडम काड्याकडे वळल्या. "खरं आहे?"

काड्या उठून जवळ आला. स्क्रीनकडे बघितलं. वरच्या कोपऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"खरं आहे मॅडम," काड्या म्हणाला. "सगळं याचंच आहे."

त्याला सोमवारी दहा वाजता हजर व्हायला सांगितलं. जिन्यातच त्याने आईला फोन करून टाकला, "आई, लागलो!" आई रडायला लागली. फोन ठेवला तर काड्या एक पायरी खाली उभा.

"काय रे, शेपूट घातलंस आत?"

"घड्याळ बघितलंस?" काड्या म्हणाला. "मंगळवार दाखवतंय. चार वीस. मी दार आपटलं त्याच्या जरा आधीची वेळ."

"तुझीच घाण राहिली असेल."

"घरी जा. एमुलेटरमध्ये साठवून ठेवलेलं सगळं पूस. मग चालू कर."

तेव्हा त्याला आठवलं. त्या मंगळवारी दुपारी, सहा मिनिटांना कंटाळून, त्याने स्वतःच ते करून ठेवलं होतं. चालू झालेला फोन तसाच्या तसा साठवायचा आणि दर वेळी तिथूनच उघडायचा. झोपलेल्याला उठवावं तसं. म्हणजे एकोणीस दिवसांचं त्याचं लिखाण एकदाही चाललं नव्हतं. उठत होता तो मंगळवारचा फोन.

"मग आत का नाही बोललास?"

"आत बोललो असतो तर फक्त मॅडमसमोर तोंडावर पडला असतास. सोमवारी ते खऱ्या फोनवर चढवतील. तिथे साठवलेलं काही नसतं. सगळ्या ऑफिससमोर पड ना! मला काय घाई नाहीये."

आणि शिट्टी वाजवत जिना उतरला.

घरी त्याने साठवलेलं पुसलं आणि चालू केलं. स्क्रीन काळी. दहा मिनिटं. अर्धा तास. काळी ती काळीच.

मामा डोकावला. "तुझ्या आईने अख्ख्या गल्लीला सांगितलंय. आणि तू असा का बसलायस, कोणी मेल्यासारखा?"

त्याने स्वतःचा भाग काढला, काड्याचा जुना परत घातला. एमुलेटर पुन्हा उघडला, या वेळीही पार पहिल्यापासून. सहा मिनिटांनी स्क्रीन उजळली. घड्याळात शुक्रवार होता.

म्हणजे सुटला होता. हेच घेऊन सोमवारी जायचं. जरा हळू चालेल, पण चालेल. आत कोणाचं काय आहे हे कोण बघतंय? काड्याने तर स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, सगळं याचंच. पगार आहे, आई आहे, गल्ली आहे. तासभर तो ते चालणारं बघत बसला.

मग काड्याला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"काळी ना?" काड्या हसत होता. "बोल की."

"काळी. मग तुझा भाग परत घातला. चालला."

काड्याचं हसू थांबलं. जिन्यात त्याला हे सुचलं नव्हतं. "म्हणजे तू वाचलास, भडव्या. मीच दिली तुला जागा."

"ऐक..."

"ठेव फोन. तोंड बघायचं नाही मला तुझं."

"नको बघू. तू आला नाहीस तरी सोमवारी दहा वाजता, काही चालू करायच्या आधी, मी मॅडमना सांगणार. आत जे चालतंय ते तुझं आहे, शुक्रवारी मी खोटं बोललो, आणि त्यांनी नेमायला हवा होता तो माणूस माझ्यामागे उभा होता. शब्द देतो, काड्या."